व्हर्बेनाच्या पुडीवरच्या चार ओळी

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही दिलेल्या व्हर्बेनाच्या, म्हणजे झुपक्यांनी फुलणाऱ्या बागेतल्या फुलझाडाच्या, बियांच्या दोन पुड्या आणि त्यांवर शिसपेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी, या दोन्हींचे आभार मानायला हे पत्र. जाहीर लिहितोय, कारण बिया पेरून संपल्या, ओळी मात्र कुणाच्याही कामी येतील अशा आहेत. छापील पाकिटावर बहुधा ‘ऊन भरपूर, पाणी मध्यम’ एवढंच असतं. व्हर्बेना बियांपासून होतच नाही असं म्हणत लोक दर वेळी तयार रोपं आणतात, त्याला हे ‘मध्यम’ बऱ्याच अंशी जबाबदार आहे.

तुमची पहिली ओळ होती, ‘हवीत त्याच्या दुप्पट पेरा.’ व्हर्बेनाची उगवण मुळातच बेताची. चांगल्या, ताज्या बियांतही शंभरातल्या पन्नास-साठ उगवल्या तर आपलं काही चुकलं असं समजायचं कारण नाही. आपण जिला बी म्हणतो ते खरं तर बारीक, कठीण फळ असतं. एकेका फुलामागे अशी चार तयार होतात, प्रत्येक दोन-तीन मिलिमीटर लांब, तपकिरी, काडीच्या तुकड्यासारखं. त्यातली काही आतून पोकळ निघतात आणि बाहेरून ते ओळखू येत नाही. म्हणून बारा रोपं हवी असतील तर पंचवीस-तीस बिया टाकाव्यात, बी वर्षाहून जुनं असेल तर आणखी. पुडीवर बी गोळा केल्याची तारीख घातली होतीत, त्याचे आभार वेगळे.

दुसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची: ‘पाणी आदल्या रात्री. पेरल्यावर नाही.’

झेंडू किंवा झिनिया पेरणाऱ्याला ही ओळ विचित्र वाटेल. पेरलं की झारीने पाणी घालायचं, हे हाताला इतकं सवयीचं असतं. पण व्हर्बेनाच्या बीला ओल हवी, ओलेपणा नको. बीभोवती पाण्याचा थर राहिला की आत हवा पोचत नाही, उगवण अडते आणि बी कुजतं. शेवटी मातीत काही सापडतच नाही, म्हणून दोष बियांना दिला जातो.

करायचं ते असं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), व्हर्मिक्युलाइट आणि परलाइट (दोन्ही भाजून फुलवलेली हलकी खनिजं) साधारण २:१:१ या प्रमाणात घ्यावं. कोकोपीट आधी दोन-तीनदा भरपूर पाण्यात भिजवून पिळून काढावं. त्यात बऱ्याचदा क्षार उरलेले असतात आणि व्हर्बेनाच्या कोवळ्या मुळांना क्षार अजिबात सोसत नाहीत. त्याच कारणाने या मिश्रणात खत घालायचं नाही, गांडूळखतसुद्धा नाही. ट्रे भरून, हलकेच दाबून, अर्धा तास उथळ पाण्यात ठेवावा म्हणजे ओल खालून वर चढते. मग बाहेर काढून रात्रभर निथळू द्यावा. सकाळी चिमूटभर मिश्रण बोटांत दाबून पाहावं. गोळी व्हायला हवी, पण पाण्याचा थेंब सुटता कामा नये. थेंब सुटला तर पेरणी संध्याकाळवर ढकला.

पेरल्यावर चार-पाच दिवस पाणी बंद. ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवलं तर आतली ओल पुरते. झाकणाच्या आतून बारीक वाफ धरलेली दिसली तर सगळं ठीक आहे. थेंब ओघळू लागले तर झाकण तासभर बाजूला काढून ठेवा. एरवीही रोज दहा मिनिटं झाकण उघडून हवा द्यावी. ट्रे रोज हातात उचलून पाहायची सवय लावली तर वजनावरून ओल कळते, हे बोट खुपसून पाहण्यापेक्षा भरवशाचं. वरचा थर फिकट पडला आणि ट्रे हलका लागला की पाच मिनिटं पुन्हा खालून पाणी. वरून स्प्रे मारायचा मोह होतो, तो टाळलेलाच बरा.

तापमान १८ ते २४ अंश सेल्सिअस असावं. झाकण लावलेला ट्रे थेट उन्हात ठेवायचा नाही. आत उष्णता कोंडते आणि बी अक्षरशः भाजून निघतं. उजेडाची, पण सावलीतली जागा बरी.

तिसरी ओळ, ‘बुटकी झाका, उंच उघडी ठेवा’, वाचून आधी गोंधळ होतो. या दोन वेगळ्या जाती आहेत हे कळलं की उलगडा होतो. कुंड्यांत नि वाफ्यांच्या कडेला लावतात ती बुटकी, पसरणारी, गुलाबी-लाल-जांभळ्या झुपक्यांची व्हर्बेना संकरित आहे. अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ तिला आता ग्लँड्युलारिया या वेगळ्या प्रजातीत धरतात, त्यामुळे बियांच्या यादीत ती कधी त्या नावाखाली सापडते. तिला उगवायला अंधार आवडतो. उंच, सडपातळ, मीटर-दीड मीटर वाढणारी ती व्हर्बेना बोनारिएन्सिस. मूळची दक्षिण अमेरिकेतली, नावाचा अर्थही ‘ब्यूनोस आयर्सची’. तिचं बी पृष्ठभागावर पेरून फक्त दाबायचं, वर थर द्यायचा नाही. (चहात घालतात ती लिंबाच्या वासाची ‘लेमन व्हर्बेना’ तिसरीच. ती याच कुळातली, पण वेगळ्या प्रजातीची, आणि तिची लागवड सहसा छाटांपासूनच करतात.)

अंधारासाठी काळं प्लॅस्टिक सुचवलं जातं. त्यात एक अडचण आहे. व्हर्बेना एकदम उगवत नाही. पहिला कोंब दहाव्या दिवशी दिसतो, शेवटचा कधी पंचविसाव्या. मागच्यांसाठी झाकून ठेवलं तर पुढचे अंधारात दोनच दिवसांत दोऱ्यासारखे लांबतात आणि मान टाकतात. पुढच्यांसाठी उघडलं तर मागच्यांचा अंधार जातो. तुम्ही कंसात लिहिलेला उपाय यावर सगळ्यांत सोपा: प्रत्येक बीवर कोरड्या, बारीक व्हर्मिक्युलाइटचा तीन मिलिमीटर थर. बीपुरता अंधार तिथेच होतो, ट्रे उजेडात राहतो, आणि ज्याने त्याने आपापल्या वेळी वर यावं. एका कप्प्यात एकच बी टाकलं तर उगवलेली रोपं वेगळी काढून जास्त उजेडात नेता येतात. महिनाभर ट्रे फेकायचा नाही. या बाबतीत उतावळेपणाने जितकी रोपं जातात तितकी किडीनेही जात नसतील.

उंच जातीच्या बीला थंडीचा झटका दिला तर ते जास्त एकसारखं उगवतं. जेमतेम ओलसर वाळूत मिसळून, डबीत बंद करून, फ्रिजमध्ये चार-पाच अंशांवर दोन-तीन आठवडे ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही. बुटक्या संकरित बियांना याची सहसा गरज पडत नाही. हवं तर कोरडं पाकीट आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवा, पण आमच्या मते तेवढ्याने फार फरक पडत नाही.

कोंब वर आल्यावरचा धोका म्हणजे रोपं कोलमडणं. देठ मातीलगत पाणचट होऊन बारीक होतो आणि सकाळी उभं असलेलं रोप दुपारी आडवं दिसतं. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींचं हे काम. पडलेलं रोप वाचत नाही. ते भोवतीच्या मिश्रणासकट उचलून टाकायचं, झाकण कायमचं काढायचं आणि छोटा पंखा लांबून, मंद लावून हवा खेळती ठेवायची. वापरलेलं मिश्रण पुन्हा पेरणीला घेऊ नये. ट्रे एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवून धुवावेत.

पहिली खरी पानं (उगवताना दिसणाऱ्या बीजपत्रांनंतरची) फुटली की पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) खत, पाकिटावरच्या मात्रेचा चौथा हिस्सा, आठवड्यातून एकदा पुरे. खऱ्या पानांच्या दोन जोड्या झाल्या की आठ-नऊ सेंटिमीटरच्या कुंडीत हलवावं. धरायचं ते पानाला. देठ चिमटला तर रोप गेलं, पान फाटलं तर दुसरं येतं.

चौथी ओळ: ‘चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा, हात आखडू नका.’ हे वाचूनही हात आखडतोच, हे कबूल केलं पाहिजे. पण हिशोब सरळ आहे. व्हर्बेनाची पानं समोरासमोर येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे फांदीचा कोंब, असतो. तिसऱ्या जोडीच्या वर खुडलं की खाली सहा डोळे उरतात, म्हणजे एका काडीऐवजी सहापर्यंत फांद्या. फुलं आठवडा-दोन आठवडे लांबतात एवढंच. एरवी पेरणीपासून फुलापर्यंत बारा-चौदा आठवडे धरून चालावं, आणि त्या हिशोबाने मागे मोजून पेरणीचा दिवस ठरवावा.

बाहेर लावण्याआधी आठवडा-दहा दिवस रोपांना ऊन-वाऱ्याची सवय करावी, पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग वाढवत न्यावं. वाफ्यात वीस ते तीस सेंटिमीटर अंतर. पंचवीस सेंटिमीटरच्या कुंडीत तीन रोपं बसतात. सहा तास थेट ऊन मिळणार नसेल तर तिथे व्हर्बेना लावूच नये.

पुडीवर जागा संपली म्हणून दोन गोष्टी राहिल्या असाव्यात, त्या इथे जोडतो. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोक खत वाढवतात. बहुतेक वेळा लोह मातीत असतं, पण सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप) चढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. कुंडीतल्या मिश्रणाचा सामू सहाच्या आसपास ठेवावा, राख आणि चुना दूर ठेवावा. दुसरी गोष्ट भुरीची. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. दाट लागवड, कमी ऊन आणि नत्राचा मारा ही तिची आवडती परिस्थिती. आधी आतल्या फांद्या विरळ करा, फवारणीचं नंतर पाहू. पानांमागे बारीक जाळी दिसली तर मात्र तो कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या, गरम हवेत तो झपाट्याने वाढतो. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने, दोन-तीन दिवसांआड.

फुलं थांबली की झाडाचं लक्ष बी धरण्याकडे गेलेलं असतं. सुकलेला झुपका खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापावा. सगळं झाड दमलेलं दिसलं तर एक-तृतीयांश छाटून पाणी आणि खत द्यावं, दोन-तीन आठवड्यांत पुन्हा बहर येतो. पसरणाऱ्या फांद्या मातीला टेकतात तिथे पेरांना मुळं फुटतात. तो तुकडा कापून वेगळा लावला की पुढच्या वेळी बियांचा खटाटोपच नाही. संकरित जातीचा आवडता रंग राखायचा तर हाच मार्ग, कारण तिच्या बियांतून आईसारखंच झाड येईल असं नाही.

उंच जातीचं बी मात्र ठेवण्यासारखं. झुपके तपकिरी झाल्यावर कागदी पिशवीत उलटे टांगले, बी आपोआप गळलं. त्याची एक पुडी या पत्रासोबत आहे. तारीख घातली आहे, आणि तुमचीच दुसरी ओळ मागच्या बाजूला लिहिली आहे. वर्षाच्या आत पेरावं.

तुमच्या बियांची रोपं वाढवणारे
आम्ही सर्व