‘दोन्हींसाठी चालतो’ म्हणून विकलेल्या फ्युएल पंपाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: कार्बुरेटरच्या गाडीसाठी दिलेल्या चुकीच्या फ्युएल पंपामुळे इंजिनात पेट्रोल भरल्याबाबत

महोदय,

तुमच्याकडून घेतलेला फ्युएल पंप आणि त्यासोबतचा रेग्युलेटर (पंपाचा दाब कमी करून पुढे सोडणारा भाग) मी गाडीतून काढून ठेवला आहे. तो पुन्हा लावणार नाही. त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘कार्बुरेटर आणि इंजेक्शन, दोन्हींसाठी’ असं छापलेलं आहे. त्यावर विश्वास ठेवला आणि माझ्या इंजिनात कच्चं पेट्रोल भरलं. आग लागली नाही, एवढंच नशीब.

गाडी मूळची इंजेक्शनची, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने जास्त दाबाचं पेट्रोल इंजिनात फवारणारी. तिचा कॉम्प्युटर गेला, सेन्सर मिळेनात, म्हणून इंजिन कार्बुरेटरवर, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या साधनावर, घेतलं. गाडी वडिलांची, भंगारात घालायला मन होईना. जुन्या कार्बुरेटरच्या इंजिनांवर कॅमवर चालणारा मेकॅनिकल पंप असतो. या इंजिनावर तो बसवायला जागाच नाही. त्यामुळे इलेक्ट्रिक पंप घेणं भाग होतं. हे सगळं मी तुमच्या मदत क्रमांकावर फोन करून सांगितलं होतं आणि दोनच प्रश्न विचारले होते: पंपाचा दाब किती, आणि रिटर्न लाइन, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप, लागेल का? उत्तर मिळालं, “मॅडम, मोठाच पंप घ्या, पेट्रोल कमी पडायला नको. दाबाचं रेग्युलेटर बघेल. रिटर्नची गरज नाही.”

पेट्रोल कमी पडायचा प्रश्नच नव्हता. माझं इंजिन फार तर १५० हॉर्सपॉवरचं. पूर्ण ताकदीवर एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण २२५ ग्रॅम पेट्रोल धरलं तरी ३४ किलो होतं, म्हणजे जेमतेम ४६ लिटर. वरून थोडी जास्तीची सोय ठेवली तरी तासाला ६५-७० लिटर देणारा पंप भरपूर झाला. तुम्ही दिलेला पंप २५५ लिटरचा आहे. खोक्यावर हा आकडा मोठा छापलाय. ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे तो दाब मात्र खोक्यावर कुठेच नाही, माहितीपत्रकातही नाही.

इंजेक्शनच्या रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, साधारण ४० ते ६० पीएसआय (दाबाचं एकक) दाब लागतो. कार्बुरेटरला ४ ते ७ पुरतो, काही साइड-ड्राफ्ट (आडवे बसणारे) कार्बुरेटर तर ३ च्या आसपासच खूश असतात. कार्बुरेटरमध्ये पेट्रोल अडवायला एक बारीकशी निडल असते आणि तिला वर ढकलून धरतो तो फ्लोट. त्या फ्लोटची ताकद ती केवढी! दाब वाढला की निडल तिच्या बैठकीपासून (सीटपासून) खाली ढकलली जाते आणि पेट्रोल थेट इंजिनात उतरतं. हे कुठलाही कार्बुरेटरवाला मेकॅनिक सांगेल. तुमच्या तज्ज्ञांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

पंप लावल्यावर चौथ्या दिवशीची गोष्ट. इंजिन गरम होतं, ते बंद केलं, पण एक वायर तपासायची म्हणून चावी चालूच ठेवली होती. मुलगा टॉर्च धरून उभा होता. तोच म्हणाला, “आई, पेट्रोलचा वास येतोय.” एअर फिल्टरचं झाकण काढून पाहिलं तर कार्बुरेटरच्या घशात, मधल्या नोझलमधून पेट्रोलची बारीक धार पडत होती. थेंब थेंब नव्हे, धार. खाली मॅनिफोल्डवर गरम लोखंडाला लागून त्याची वाफ उठत होती. मी चावी बंद केली, मुलाला लांब पाठवलं आणि बॅटरीची तार काढली. नंतर डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पाण्यासारखं पातळ, पेट्रोलच्या वासाचं. असं ऑइल घेऊन इंजिन चालवलं असतं तर बेअरिंगचं काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

याबद्दल तुम्हाला कळवलं तेव्हा तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: कार्बुरेटर सदोष आहे, निडल बदलून घ्या. या ओळीचा मला सर्वांत जास्त राग आला. तरी मी निडल, सीट आणि फ्लोट, तिन्ही नवीन टाकले. पुन्हा तीच धार.

मग मी कार्बुरेटरची परीक्षा घेतली. पेट्रोलचा डबा कार्बुरेटरच्या मीटरभर वर टांगला आणि नुसत्या उंचीवर पेट्रोल सोडलं. एवढ्या उंचीने जेमतेम १ पीएसआय दाब मिळतो. अर्धा तास थांबले, एक थेंब गळला नाही. नंतर ओळखीच्या मेकॅनिककडून कमी दाबाचा पंप उसना आणून लावला. गेजवर ५ पीएसआय, चावी चालू, इंजिन बंद. दहा मिनिटं बघत बसले. कोरडं. शेवटी तुमचा पंप पुन्हा जोडला आणि रेग्युलेटरच्या अलीकडे-पलीकडे एकेक गेज लावला. अलीकडचा काटा ६० च्या शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. पलीकडचा इंजिन चालू असताना ६ वर होता, इंजिन बंद करताच हळूहळू चढत ११ वर गेला आणि तिथून पुन्हा धार. दोन्ही गेजचे फोटो सोबत जोडले आहेत. सांगा, यात कार्बुरेटरचा दोष कुठे?

तुमचा रेग्युलेटर बिनरिटर्नचा आहे. पंप पेट्रोल ढकलतोय, पुढे वाट बंद आणि मागे टाकीत परत जायलाही वाट नाही. मग दाब चढणारच. याच पंपाबरोबर रिटर्नवाला बायपास रेग्युलेटर दिला असता तर जास्तीचं पेट्रोल टाकीत परत गेलं असतं. माझ्या गाडीत मूळची रिटर्न लाइन धडधाकट आहे. तीच वापरता आली असती, आणि पेट्रोल फिरत राहिल्याने उन्हाळ्यातला व्हेपर लॉकही (पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) टळला असता. म्हणूनच मी फोनवर रिटर्नचं विचारलं होतं.

माहितीपत्रकाबद्दलही बोलायला हवं. पंप ‘सोयीच्या जागी’ लावा म्हणता आणि चित्रात तो इंजिनशेजारी दाखवता. असले पंप ढकलतात चांगलं, ओढतात वाईट; त्यांची जागा टाकीजवळ, टाकीच्या पातळीपेक्षा खाली, उष्णतेपासून दूर. लाल वायर थेट इग्निशनला जोडा म्हणता. रिले (पंपाला बॅटरीतून वेगळ्या तारेने वीज देणारा स्विच) नाही, फ्यूजचा उल्लेखही नाही. मी मोजलं तेव्हा बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि पंपाच्या टोकाला ११.२, म्हणजे बाकीचे वाटेतच गेले.

आणि खरी भीती त्याच्या पुढची आहे. इंजेक्शनच्या गाडीत चावी दिल्यावर कॉम्प्युटर पंप दोन-तीन सेकंद चालवतो आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. गाडी कार्बुरेटरवर घेतली की हे संरक्षण निघून जातं. अपघातात पाइप तुटला, इंजिन थांबलं, चावी चालूच राहिली, तर तुमचा पंप रस्त्यावर पेट्रोल ओतत राहील. ऑइल प्रेशर स्विचमधून रिले घेणं किंवा धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच लावणं, यातलं काहीतरी सक्तीचं म्हणून छापायला हवं. माझ्या मुलाने त्या गाडीत बसून प्रवास केला आहे. म्हणून मी हे इतकं लांबवून लिहितेय.

माझ्या मागण्या अशा. पंप व रेग्युलेटर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. बदललेलं ऑइल, फिल्टर, निडल, सीट आणि फ्लोट यांचा खर्च द्यावा. बिलं जोडली आहेत. कार्बुरेटर सदोष असल्याचं तुमचं विधान लेखी मागे घ्यावं. खोक्यावरून ‘दोन्हींसाठी’ हे शब्द काढून पंपाचा कमाल दाब छापावा आणि हाच संच कार्बुरेटरसाठी घेतलेल्या इतर ग्राहकांना तातडीने कळवावं. पैसे उशिरा दिलेत तरी चालेल, पण हे शेवटचं काम आधी करा.

पंप जपून ठेवला आहे. तुमच्या माणसाला तपासायचा असेल तर गेजसह माझ्यासमोर तपासावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक ग्राहक

सोबत: खरेदीचं बिल, खोक्याच्या लेबलचा फोटो, दोन्ही गेजचे फोटो, दुरुस्तीची बिलं