हे पत्र बुलेटबद्दल नाही

रामबाग, इंदूर

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी बोलता बोलता तू फोन कापलास, म्हणून लिहितो आहे. पत्र मधेच कापता येत नाही. बुलेट छान आहे. रंगही छान. तुझ्या पैशांनी घेतलीस, मी बोलणारा कोण? काळजी आईला वाटते. तिच्या वतीने विचारतो, हेल्मेट घालतेस ना?

इकडे सगळं क्षेम. आजीचे गुडघे तसेच. पण कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की दारात पहिली तीच. काल ओला-सुका एकत्र केला म्हणून बंडूकाकाला तिने गाडीवाल्यासमोर झापलं. "सलग आठ वेळा पहिल्या आलेल्या शहरात राहतोस, लाज नाही वाटत?"

बंडूकाकाचं आणखी एक तुला सांगायचं राहिलं. २०२५च्या १ ऑगस्टपासून इथे 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असा हुकूम निघाला होता. दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पंपावर गेलेल्या भियाचा व्हिडिओ मीच तुला पाठवला होता. काका त्याच्या पुढचे. मागच्या माणसाचं हेल्मेट "दोन मिनिटं द्या हो" म्हणून घेतलं, पेट्रोल भरलं आणि हेल्मेटसकट घरी आले. ते अजून आपल्या माळ्यावर आहे.

बघ, विषय फिरून तिथेच आला. यात माझा हात नाही.

आता आलाच आहे तर ऐक. बुलेट १९५ किलोची आहे. हेल्मेट आयएसआयचा शिक्का बघूनच घे, रस्त्याकडेला ढीग लावून विकतात त्यातलं नको. आत थर्मोकोलसारखा थर असतो, खरा मार तोच खातो. एकदा जोरात आपटलं की वरून कितीही चकचकीत दिसो, ते बाद. आणि पट्टा हनुवटीखाली लावायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे डोक्यावर पालथं घातलेलं पातेलं. पुण्यासारख्या, हेल्मेटविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या गावात तुला कोण टोकणार? म्हणून मला...

झालं यांचं सुरू, म्हणशील. बरं बाई, चुकलो. पुढे नाही लिहीत.

आपली चेतक आठवते का गं? तीही तुझ्या पुण्याकडचीच, आकुर्डीची. तू पुढे उभी राहायचीस, हँडलला घट्ट धरून. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, ते रोषणाईचे चित्ररथ, बघून परत येईपर्यंत रात्रीचे दोन वाजायचे आणि तू उभ्या उभ्याच झोपायचीस, कपाळ स्पीडोमीटरवर टेकून. मी डाव्या हाताने तुझी कॉलर धरायचो. क्लच आणि गिअर दोन्ही त्याच हाताला, त्यामुळे राजवाड्यापासून घरापर्यंत अख्खा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. मागून आई म्हणायची, "जरा जोरात चालवा नी, कुत्री पुढे चाललीत." हीच बाई आता तुला हळू चालव म्हणते. सकाळी स्कूटर सुरू झाली नाही की तू कमरेवर हात ठेवून सांगायचीस, "बाबा, तिला आडवी करा." एवढीशी कार्टी, पण सल्ला बरोबर असायचा.

तुझा फोटो मी फार कुणाला दाखवला नाही. पोहेवाला, बँकेतले दोघं-तिघं, सांघी काकू आणि न्हावी, बस. न्हावी म्हणाला, "काका, इतकी जड गाडी बिटियाला सांभाळेल?" मी म्हटलं, भिया, मुलगी कुणाची आहे! असं छाती फुगवून आलो खरा, पण रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो. आई घोरत होती. म्हणजे काळजीने दमून झोपली होती.

हेल्मेटसाठी पैसे पाठवले आहेत, आईला सांगू नकोस. तिनेही पाठवले असतील तर ते मला सांगू नकोस. दोघांचे मिळून दोन हेल्मेट येतील. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने लागतंच. मागे कोण बसतं, हे आईने विचारलं आहे.

तुझा,
बाबा