तालुक्याच्या पशुदवाखान्यात मोठ्या कुत्र्यांसाठी जाळीचा वाडा द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

शहरात हौसेने आणलेला जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर डोईजड झाला की रस्त्याकडेला सोडला जातो. कुणीतरी दयेने त्याला शेतात आणतं आणि रानडुकरं, रोही (नीलगायी) हाकलायला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, साखळीने बांधतं. बिघडतं ते इथेच. साखळीतल्या कुत्र्याला मागे सरायला जागा नसते. भ्यायला की चावणं तेवढं हाती उरतं.

कुत्रा एकाएकी अंगावर येऊ लागला, तर आधी रेबीजची शंका घ्यावी. लाळ, बदललेला आवाज, लटपटणं दिसलं तर हात लावू नये. चावलेल्या माणसाने जखम वाहत्या पाण्यात साबणाने 15 मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवायची ती वेगळी. कुत्रा धडधाकट राहिला तर दुखणं शोधावं: कानातला पू, सांधा, गोचीडताप, केसांखाली किडे पडलेली जखम.

मग सवय. पहिले दोन-तीन आठवडे एकच माणूस, ठरलेली वेळ. गुरगुरला म्हणून मारू नये. मार खाल्लेला कुत्रा पुढे इशारा न देताच चावतो. अंग ताठ, तोंड गच्च मिटलेलं, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतोय, अशा वेळी शेपटी हलत असली तरी थांबावं. दुसऱ्या कुत्र्याशी किंवा बैलाशी ओळख 20 मीटरवरून, एकाच दिशेने चालत करावी. हातातला तुकडा घेईनासा झाला की अंतर वाढवावं.

मुसकं जाळीचंच हवं. आत भाकरीचा तुकडा ठेवून त्याला आपणहून तोंड घालू द्यावं. कापडी मुसक्यात धापता येत नाही; चंद्रपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो तेव्हा असा कुत्रा उन्हाने मरतो.

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव कुत्र्याच्या लसीची जबाबदारी मालकावर आहे. मालकच सोडून गेला तर ती कुणाची?

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या पशुदवाखान्यात अशा सोडलेल्या कुत्र्यांसाठी एक वाडा द्या. सहा फूट जाळी, तीही फूटभर जमिनीत गाडलेली, नाहीतर उकरून निघतात. एकापाठोपाठ दोन दारं. छप्पर टिनाचं नको. तीन मापांची मुसकी द्या आणि नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडून पशुधन पर्यवेक्षकांना हे काम शिकवा. यंदाच्या उन्हाळ्याआधी निदान एका तालुक्यात तरी सुरुवात व्हावी.

आपले,
विदर्भातील कुत्री सांभाळणारे ग्रामस्थ