रकाना डॉक्टरांच्या संगणकात हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या ठाणे पुरवणीतला 'ॲपमुळे डॉक्टरांशी संवाद सोपा' हा लेख वाचला. सोपा म्हणे! बौद्धिक दिव्यांग माणसाला घेऊन लेखकमहाशयांनी एकदा ओपीडीच्या बाकावर बसून बघावं, एवढंच सुचवते. सोबतच्या फोटोत सात-आठ वर्षांचं गोड पोर आणि हसरे डॉक्टर. आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, ४६ वर्षांचे आहेत आणि त्यांची दाढी पांढरी व्हायला लागली आहे. ही पोरं मोठी होतात, त्यांनाही बीपी होतं, त्यांच्याही दाढा किडतात, हे तुमच्या फोटोग्राफरला कुणीतरी सांगा.

मी ॲपच्या विरोधात नाही. टॅबवर चित्रं दाबून बोलायला भाऊजी कार्यशाळेतल्या ताईंकडून शिकले. ताईंनी चहा-बिस्किटापासून सुरुवात केली, दुखण्याखुपण्यापर्यंत यायला बराच काळ गेला. उलट मला राग याचा आहे की तुमच्या लेखात सगळी विलायती नावं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' फुकट मिळतं, मराठीत बोलतं, त्याचा उल्लेखसुद्धा नाही. पवई काय ठाण्यापासून लंडनइतकी लांब आहे?

आता काय घडलं ते. गेल्या पावसाळ्यात भाऊजींनी जेवण टाकलं. ताट बाजूला सारायचे, रात्री उठून स्वतःच्या गालावर चापट्या मारून घ्यायचे. शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात गेलो (नाव लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही, म्हणून लिहीत नाही). दारावर 'मोबाइल बंद ठेवा' अशी पाटी. टॅब काढल्याबरोबर सिस्टर म्हणाल्या, "गेम नंतर खेळू द्या हो त्यांना." त्यांना समजावलं. आत गेल्यावर भाऊजींनी चित्र दाबलं, टॅब बोलला, "दुखतंय." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "जरा आवाज कमी करा. हं, बोला, काय होतंय?" भाऊजी कुठे दुखतंय त्याचं चित्र शोधत होते. त्यांना वेळ लागतो. पानं मागेपुढे करून ते तोंडाच्या चित्रापर्यंत पोचेपर्यंत डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली होती. "अशा पेशंटमध्ये चिडचिड असायचीच," असं म्हणून हातात काय, तर झोपेच्या गोळ्या!

बाहेर पडताना काउंटरवर आणखी एक टॅब. 'आमची सेवा कशी वाटली?' आणि खाली हसरे-रडके चेहरे. भाऊजींनी ताबडतोब रडका चेहरा दाबला. पडद्यावर आलं, 'धन्यवाद!' म्हणजे चित्रांनी बोललेलं या मंडळींना कळतं. फक्त कुठे कळून घ्यायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं आहे.

नंतर भाऊजी एकाच बाजूने चावतात हे माझ्या मुलीच्या लक्षात आलं, म्हणून आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टॅब स्वतःच्या मांडीवर घेतला, "दाखवा साहेब, कुठे?" म्हणाले आणि गप्प बसून राहिले. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दुखणं शरीराचं आणि खापर बुद्धीवर! तोवर त्या माणसाने काय सोसलं असेल, हे मला आजही बोलवत नाही.

तुम्ही इंग्लंडच्या 'हॉस्पिटल पासपोर्ट'चं कौतुक केलंत. तो बऱ्याच ठिकाणी रुग्णाची माहिती लिहिलेला साधा कागदच असतो. लाल भागात जिवाशी संबंधित गोष्टी, पिवळ्यात महत्त्वाच्या, हिरव्यात आवडीनिवडी. तसा मी भाऊजींचा करून, लॅमिनेट करून नेला होता. रिसेप्शनवर तो बिलाच्या मागे स्टेपल झाला. मात्र तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने पुढची पायरी गाठली, ती तुमच्या लेखातून सुटली. या रुग्णाला काय वेगळं लागतं याची खूण त्याच्या संगणकीय नोंदीवरच ठेवायला त्यांनी सुरुवात केली आहे, म्हणजे पेशंट आत यायच्या आधी डॉक्टरांना ती दिसावी.

आपल्या रुग्णालयाच्या संगणकात आधार, मोबाइल नंबर, विमा कंपनी, ॲलर्जी सगळ्याला रकाने आहेत. 'हा पेशंट कसा बोलतो, त्याला किती वेळ लागतो' याला नाही. भाऊजींचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पुढे केलं, तर "यावर सवलत नाही हो," म्हणून परत मिळालं. सवलत मागितली कुणी होती? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चित्रं, सोपी भाषा, तंत्रज्ञान हे सगळं संवादातच धरलेलं आहे आणि २५ व्या कलमात तपासणी-उपचारात प्राधान्य सांगितलं आहे. २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी वेगळा विभागही काढला. त्या विभागाने रुग्णालयांना हा एक रकाना सक्तीचा करावा. सॉफ्टवेअरमध्ये तो घालायला किती खर्च येतो हे आयटीतल्या एखाद्या वाचकाने कळवावं, ऐरोलीत तीच मंडळी जास्त आहेत. भाऊजींनी त्यांच्या बाजूचा अभ्यास कधीच पूर्ण केला आहे.

जाता जाता आणखी एक. पुरवणीतली हवामानाची चित्रांची चौकट तुम्ही बंद केलीत आणि तिथे कर्जतच्या प्लॉटची जाहिरात घातलीत. भाऊजी रोज सकाळी ती चौकट बघून छत्री घ्यायची की नाही ते स्वतः ठरवायचे. आता रोज आमच्याकडे दारात छत्रीवरून वाद होतो आणि कार्यशाळेची बस खाली हॉर्न वाजवत राहते. चौकट कृपया पुन्हा सुरू करावी. लहान असली तरी चालेल, फक्त ढग ढगासारखा दिसू द्या.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)