बेसिनची नळी खरवडणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

आपली भेट एकदाच झाली, प्रयोगशाळेच्या दारात, आणि तेव्हा मी भांडायला आलो होतो. त्यामुळे आभार मानायचे राहूनच गेले.

आईचं ऑपरेशन नीट झालं होतं. पाचव्या दिवशी ताप चढला. रक्तात क्लेबसिएला नावाचा जिवाणू सापडला, तोही बहुतेक अँटिबायोटिक्सना न जुमानणारा. शेजारच्या दोन खाटांवरही तोच. तिघांना सांभाळणाऱ्या रात्रपाळीच्या सिस्टर एकच होत्या, आणि त्यांच्या हातावरही क्लेबसिएला मिळाल्याचं कानावर आलं. झालं! आम्हा नातेवाइकांनी निकाल देऊनही टाकला. 'त्यांना काढा' असा अर्जही लिहून झाला. अक्षर माझंच.

तुम्ही चिडला नाहीत. "क्लेबसिएला हे नुसतं आडनाव झालं," म्हणालात, "एका आडनावाची माणसं नात्यातलीच असतात का?" मग कागदावर रेघा ओढत समजावलंत. या जिवाणूच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएत, साधारण ५५ लाख अक्षरं असतात. एकाचे दोन होताना ती सगळी उतरवून घेतली जातात, त्यात क्वचित एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत तशीच उतरते. दोघांच्या चुका जितक्या जुळतील तितकं नातं जवळचं. शाळेत कॉपी अशीच पकडतात, हे मला तिथेच आठवलं.

तिन्ही पेशंटांच्या जिवाणूंमध्ये जेमतेम तीन-चार अक्षरांचा फरक होता. सिस्टरांच्या हातावरचा मात्र हजारो अक्षरांनी वेगळा, म्हणजे त्याचा या साथीशी संबंधच नव्हता. आणि तिघांच्या अगदी जवळचा चौथा निघाला तो वॉर्डातल्या हात धुवायच्या बेसिनखालच्या वाकड्या नळीत. तिथल्या बुळबुळीत थरात तो मजेत राहत होता आणि नळ जोरात सोडला की शिंतोड्यांबरोबर बाहेर येत होता. हात धुवायच्या जागी!

नंतर मी थोडं वाचलं. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, पन्नासहून जास्त माणसं दगावली. सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, शेतकऱ्यांचा माल सडला. काकडीवरचा जिवाणू वेगळ्याच प्रकारचा निघाला. त्या साथीच्या जिवाणूचा जीनोम काही दिवसांतच वाचून झाला होता, पण मेथीच्या मोडांपर्यंत माग पोचला तो आजाऱ्यांनी काय काय खाल्लं याची चिकाटीने चौकशी केल्यावर. यंत्र नातं सांगतं, पण जुळवायला नमुना कुणीतरी आणावा लागतो.

तुमचे आभार मुख्यतः त्यासाठी. संशयित समोर उभा असताना तुम्ही बेसिन उघडायला लावलंत, नळी खरवडलीत. तेवढं केलं नसतं तर सिस्टर गेल्या असत्या आणि नळी तिथेच राहिली असती.

नळी बदलली, बेसिन खाटांपासून लांब हलवलं. आई महिन्याने घरी आली.

तो अर्ज मी परत मागून घेतला आणि सिस्टरांना जाऊन भेटलो. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो, पण त्यांनीच आधी विचारलं, "आई जेवते का नीट?"

आपला,
तिसऱ्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा