सरवा वेचणाऱ्याचं नाव यादीत का नाही?

मा. संपादकसाहेब,

नमस्कार. गेल्या रविवारी खेळाच्या पानावर खालच्या कोपऱ्यात ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलवर चार ओळी आल्या होत्या, आणि बेळगावच्या मराठी पेपरात या खेळाचं नाव बघून मला इतका आनंद झाला की ते कात्रण मी कापून डायरीत ठेवलंय. टोनी लॉकेट १३६० गोल, गॉर्डन कॉव्हेंट्री १२९९, जेसन डनस्टल १२५४, हे आकडे बरोबर आहेत. पण त्याखाली सर्वश्रेष्ठ फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला पुढं खेळणारे, हेच असं लिहून विषय मिटवलात ते मात्र मला पटलं नाही, म्हणून हे पत्र. ह्या यादीत गोलांच्या राशी घालणारे आहेत, त्यांच्या पायाशी सांडलेला बॉल उचलणारा एकही स्मॉल फॉरवर्ड, म्हणजे बुटका फॉरवर्ड, नाही.

मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलात पीटी शिक्षक आहे, खो-खो आणि फुटबॉल शिकवतो. माझी पुतणी मेलबर्नला नर्स आहे आणि तिच्यामुळं हा नाद लागला, आता दहा-बारा वर्षं झाली. तिकडचं घड्याळ त्यांच्या थंडीच्या, म्हणजे आपल्या पावसाळ्याच्या दिवसांत आपल्या साडेचार तास पुढं, त्यामुळं सप्टेंबरातली दुपारी अडीचची ग्रँड फायनल आपल्याकडं सकाळी दहाला सुरू होते, चहा-पोहे खाऊन निवांत बघता येते. आमच्या शेजारी लष्करातून रिटायर झालेले सुभेदार मामा आहेत, ते पण माझ्याबरोबर बघतात, आणि गेली कैक वर्षं आमचा एकच वाद चाललाय की सगळ्यात मोठा स्मॉल फॉरवर्ड कोण.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंड्यासारखा बॉल, अंड्यासारखं मैदान, एका बाजूला अठरा जण, ऑफसाइड नाही. चार खांब असतात, मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं मारलेला बॉल कुणाचा हात न लागता गेला तर सहा पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर एक. समोरून उंच किक येते, तिच्याखाली दोन-तीन धिप्पाड माणसं उडी मारतात, कुणी झेलली तर ठीक, नाहीतर बॉल त्यांच्या बोटांना लागून खाली सांडतो. तो सांडलेला बॉल उचलून अर्ध्या सेकंदात गोल करायचा हे बुटक्याचं काम. तिकडं त्याला क्रम्ब म्हणतात, म्हणजे चुरा. मला मात्र पहिल्यांदा बघितलं तेव्हाच आपला सरवा आठवला. भातकापणी झाली की शिवारात ज्या लोंब्या पडून राहतात त्या वेचायच्या. माझी आजी सरवा वेचायला जायची आणि तिची नजर अशी की भारेवाले पुढं जायच्या आत तिची ओटी भरलेली. भारा उचलायला ताकद लागते हे खरं, पण सरवा वेचायला जे लागतं ते वेगळंच आहे आणि ते मोजायची आपल्याला सवय नाही.

आता वादाकडं येतो. सुभेदार मामांचं मत सिरिल रिओली. आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. हॉथॉर्न क्लबकडून चार कप (ग्रँड फायनल जिंकली की मिळतो तो), २००८, २०१३, २०१४, २०१५, आणि त्यातल्या शेवटच्या फायनलला नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे फायनलमधला सर्वोत्तम खेळाडू. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या तिवी बेटांवरचं घराणं, काका मॉरिस रिओलीनं १९८२ ला तेच मेडल आपली टीम रिचमंड हरलेली असताना घेतलं होतं, दुसरे नातलग मायकल लाँग यांनी १९९३ ला. मामा म्हणतात, "गोल काय मोजालास, त्यो पोरगा बॉल दुसऱ्याकडं असताना काय करतोय ते बघ की." बरोबर आहे, पहिल्याच वर्षी, एकोणीस वर्षांचं पोर, फायनलमध्ये वाघासारखं मागं लागून टॅकल करत होतं. मामांना लष्करी माणूस म्हणून ते आवडतं. पण १८९ मॅच आणि २७५ गोल करून तो अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ सोडून घरच्या माणसांकडं उत्तरेला परत गेला. त्याचा निर्णय, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण सर्वांत मोठा म्हणायला मला आणखी काही वर्षं बघायची होती.

दुसरे काही जण ली मॅथ्यूजचं नाव घेतील. ९१५ गोल, आणि उंची १७८ सेंटीमीटर, त्याला धरला तर वादच संपला. केव्हिन बार्टलेट पण तसाच, ४०३ मॅच, ७७८ गोल, १९८० च्या फायनलला तेहतिसाव्या वर्षी सात गोल आणि मेडल. पण हे दोघं मुळात रोव्हर, बॉलच्या मागं अख्खं मैदान फिरणारे. खो-खोतला पळती करणारा आणि खांबाजवळ सूर मारणारा यांना आपण एका मापात मोजत नाही, तसंच हे. पीटर डेकोस मला फार आवडतो, २५० मॅचमध्ये ५४९ गोल, १९९० ला मिडफिल्डमधून पुढं येऊन एका सीझनमध्ये ९७ आणि कॉलिंगवूडचा बत्तीस वर्षांनी कप, बाउंड्रीच्या कडेवरून बॉल जमिनीवर सरपटत सोडून खांबांच्या मधून आत वळवायचा. तो अगदी बुटका नव्हता एवढंच. जेफ फार्मरनं २००० साली कॉलिंगवूडविरुद्ध एका अर्ध्यात नऊ गोल मारले होते, नुसते त्याचे व्हिडिओ लावले तरी आमच्या पोरांचं जेवण राहतं.

आणि स्टीफन मिल्न. २७५ मॅच, ५७४ गोल, मॅचमागं दोनाच्या वर. ही मॅचमागची सरासरी माझ्या माणसापेक्षा (तो कोण ते पुढं सांगतो) जास्त आहे हे मी मान्य करतो, लपवत नाही. मिल्नबद्दल बोलताना २०१० ची फायनल काढावीच लागते. सेंट किल्डा आणि कॉलिंगवूड, ६८-६८ बरोबरीत, शेवटच्या मिनिटांत बॉल गोलासमोर पडला, मिल्न एकटा मागं धावतोय, बॉल सरळ उसळला असता तर हातात आला असता आणि सेंट किल्डाला १९६६ नंतरचा पहिला कप मिळाला असता. तो बाजूला उसळला. पुढच्या शनिवारी मॅच परत खेळवली आणि कॉलिंगवूड ५६ पॉइंटांनी जिंकली. मी हे पुतणीच्या लॅपटॉपवर नंतर बघितलं, तो एक उसळा किमान वीसवेळा मागं-पुढं करून.

तो उसळा मला इतका का लागला ते सांगतो. मागच्या वर्षी जुलैत पुतणी आली तेव्हा तिनं लाल शेरिन बॉल आणला, तिकडचा खरा. आमच्या शाळेचं ग्राउंड म्हणजे लाल माती, मधेमधे जांभ्या दगडाची टोकं वर आलेली आणि पावसानं चिखल. दहावीतली उंच पोरं बॉल वर मारत होती आणि खाली एकमेकांच्या खांद्यावर चढत होती. आठवीतला एक मुलगा, वर्गात सगळ्यात बुटका, तो उडीच मारत नव्हता. दोन पावलं मागं, जरा डावीकडं, गुडघे वाकवून उभा. बॉल बोटांना लागून जांभ्यावर पडला, तिरका उडाला आणि थेट त्याच्या छातीवर. मला वाटलं नशीब. दुसऱ्यांदा परत, तिसऱ्यांदा परत. मी विचारलं, "तुला कसं कळालं रे कुठं येणार?" तर म्हणाला, "सर, बॉल नाही बघालो मी, त्यांचे हात बघालोय." माझ्या अंगावर काटा आला. ह्याच मुलाला त्याच्या आदल्या वर्षी एका निवड चाचणीत पळवून पण न बघता नुसती उंची बघून बाजूला उभं केलं होतं, घरी जाताना बसमध्ये तो एक शब्द बोलला नव्हता.

माझा माणूस एडी बेट्स. आणि माझं त्याच्यावरचं प्रेम आकड्यांवरून नाही तरी आकडे पण देतो, ३५० मॅच, ६४० गोल. सुरुवातीच्या राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवीन खेळाडू निवडतात त्यात, त्याला कुणी घेतलं नाही, मग उरलेल्यांच्या ड्राफ्टमधून कार्लटननं घेतला, तिथं २००५ ते २०१३, मग ॲडलेडला २०१४ ते २०१९, आणि शेवटची दोन वर्षं परत कार्लटन. ॲडलेडकडून १३२ मॅचमध्ये ३१० गोल, हा मॅचमागचा हिशेब लावा, मिल्नच्या पुढं जातो. २०१५, १६, १७ सलग तीन वर्षं ऑल-ऑस्ट्रेलियन टीममध्ये, म्हणजे सगळ्या क्लबांतून निवडलेल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंत. आणि वर्षातला सर्वांत सुंदर गोल म्हणून बक्षीस चार वेळा, २००६, २०१५, २०१६, २०१९. पहिल्या आणि शेवटच्यात तेरा वर्षं आहेत हो! तेरा वर्षं गुडघे आणि कंबर तेवढीच लवचिक ठेवणं म्हणजे काय हे पीटी शिकवणाऱ्याला विचारा.

ॲडलेड ओव्हलचा एक कोपरा आहे, लोक त्याला बेट्सचा पॉकेटच म्हणतात. तिथून गोलाचे उंच खांब जवळजवळ एकमेकांमागं उभे दिसतात, फट अशी राहतच नाही. उजव्या पायानं बॉल बाहेरच्या बाजूनं कापायचा, केळ्यासारखा वळून तो आत येतो, बनाना किकच म्हणतात. बाउंड्रीच्या रेषेला बूट चिकटलेला, समोर डिफेंडरचा हात, आणि हा बॉल सोडून बघत पण नाही, वळून पब्लिककडं हात वर करतो. मी त्याचे गोल स्लो करून मोजलेत, बॉल हातात आल्यापासून पायातून सुटेपर्यंत कधी एक सेकंद पण नाही. लॉकेट झेल घेतला की थांबून, श्वास घेऊन, मोजून किक मारायचा, तो त्याचा हक्कच होता नियमानं. बेट्सला तेवढा वेळ कुणी दिला नाही, तरी त्यानं सहाशे चाळीस केले, आणि ते पण अशा काळात जेव्हा विरोधी टीमचे बारा-चौदा जण मागं येऊन गर्दी करून उभे राहायला लागले होते.

त्याच्याबद्दल अजून एक. २०१६ ला ॲडलेडमध्येच एका मॅचला प्रेक्षकांतून त्याच्या अंगावर केळं फेकलं, आदिवासी म्हणून. आपल्या सीमाभागात भाषेवरून, गावावरून माणसाला हिणवलं की कसं लागतं ते मला वेगळं सांगायला नको. तो खेळत राहिला आणि त्यावर्षीचा सर्वांत सुंदर गोल परत त्याचाच.

कप नाही मिळाला, हे मामांचं शेवटचं अस्त्र. २०१७ ला ॲडलेड फायनलला गेली, रिचमंडनं १०८-६० हरवली. पण मामांनी ती मॅच नीट आठवून बघावी. रिचमंडनं त्यावर्षी पुढं जॅक रिवोल्ट हा एकच उंच गडी ठेवला आणि त्याच्याभोवती बटलर, कॅस्टान्या, डॅनियल रिओली अशी बुटकी, चपळ पोरं सोडली, बॉल पडला की तुटून पडायचं, विरोधकाला वर बघूच द्यायचं नाही. म्हणजे बेट्सचा कप बुटक्यांनीच नेला. आणि २०२३ ची फायनल तर आपल्या विसर्जनाला दोन दिवस झालेले, ढोलाचा आवाज अजून कानात, आणि कॉलिंगवूडच्या बॉबी हिलनं चार गोल मारून मेडल घेतलं, आदल्याच वर्षी कॅन्सरचं ऑपरेशन झालेला मुलगा. त्यानं उंच डिफेंडरच्या खांद्यावर चढून झेल पण घेतला. मामा त्या दिवशी खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

संपादकसाहेब, हा खेळ सुरू व्हायला पण एका पेपराला लिहिलेलं पत्रच कारण झालं होतं. १८५८ च्या जुलैत टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरनं मेलबर्नच्या पेपराला लिहिलं की थंडीत क्रिकेटवाले सुस्त होतात, त्यांच्यासाठी फुटबॉलचा क्लब काढा आणि नियम करा, आणि पुढच्या मे महिन्यात नियम लिहून तयार. तेव्हा पत्रानं काही होत नाही असं म्हणू नका.

माझी मागणी मोठी नाही. ह्या वर्षी सप्टेंबरात परत यादी छापाल तेव्हा एक चौकट बुटक्यांची करा. बेट्स, रिओली, मिल्न, डेकोस, फार्मर, क्रम तुमच्या मनानं लावा, मामा रिओलीला वर लावायला तुम्हाला वेगळं पत्र लिहिणार आहेत, ते पण छापा. फक्त आठ दिवस आधी कळवा म्हणजे मी जास्तीचे दहा अंक सांगून ठेवतो. त्यातला एक त्या मुलाला द्यायचाय, तो आता नववीत गेलाय आणि शेरिन बॉल सध्या त्याच्याच घरी असतो.

आपला एक वाचक,
पीटी शिक्षक, खानापूर तालुका, जि. बेळगाव