रात्रपाळीच्या सिस्टरांचे आभार

सांगली-मिरजेच्या ऑपरेशन थिएटरांत आणि वॉर्डांत राबणाऱ्या सिस्टरांनो, मनापासून आभार. पोट शिवण्याआधी दोघींनी मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या, मोठ्याने मोजायचे आणि आकडा जुळला नाही तर सर्जनलाही थांबवायचं, याला धीर लागतो. रक्ताने भिजलेला मॉप आतड्यांमध्ये दिसतसुद्धा नाही.

ऑपरेशननंतर वॉर्डात पहिला तास दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास. आत रक्तस्राव असला तर नाडी आधी धावते, बीपी मागाहून पडतो. बीपी १२०, पण नाडी ८० वरून ११५, लघवीची पिशवी तासभर तेवढीच, पांघरूण उचललं तर कुशीखालची चादर रक्ताने ओली. एवढ्यावर डॉक्टरांना उठवणाऱ्या तुम्हीच. ड्रेन, म्हणजे आत साचलेलं रक्त बाहेरच्या बाटलीत आणणारी नळी, गुठळीने तुंबला की बाटली रिकामी दिसते, म्हणून तुम्ही नळीही तपासता.